गर्भातील विष आणि वर्गातील मूल

(जालना जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. आईने गरोदरपणी कोकेन घेतले असता गर्भातील बालकाच्या मेंदूचे काय होते, हा प्रश्न भोकरदनच्या किंवा मंठ्याच्या एखाद्या वस्तीशाळेवरील शिक्षकाने कशासाठी विचारात घ्यावा? कोकेन आपल्या शिवारात पिकत नाही आणि आपल्या आठवडी बाजारात मांडलेलेही दिसत नाही. हे अगदी खरे आहे. परंतु मादक द्रव्ये गर्भाच्या मेंदूवर कसा परिणाम करतात, याविषयीचे पुष्कळसे ज्ञान जगाला कोकेनच्या अभ्यासातून मिळाले. आणि त्या अर्ध्याकच्च्या ज्ञानाच्या जोरावर हजारो निरपराध मुलांवर शिक्काही त्याच निमित्ताने मारला गेला. यातले ज्ञान आपल्याला हवे आहे आणि तो शिक्का टाळायचा आहे. कारण कोकेन आपल्या घरात नसले, तरी मशेरीची डबी आपल्या घरोघरी आहे.

प्रथम कोकेनची थोडी ओळख करून घेऊ. दक्षिण अमेरिकेतील कोका नावाच्या झुडपाच्या पानांतून हे द्रव्य काढतात. १८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर या डॉक्टराने डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याचा बधिरता आणणारे औषध म्हणून उपयोग केला, तेव्हा वैद्यकशास्त्राने त्याचे मोठेच स्वागत केले. व्यसन म्हणून ते पसरायला फारसा काळ लागला नाही. आपल्याकडे असा समज आहे की, हे अलीकडचे आणि श्रीमंतांचे खूळ होय. तो समज बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबई, कलकत्ता, दिल्ली अशा शहरांत विड्याच्या पानात घालून कोकेन चोरून विकले जात असे, आणि ते खाणाऱ्यांत हमाल व कामगारही होते. त्याच काळात मुंबईच्या चाळींतून गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजवीत. त्या बायांना मूल नकोसे नव्हते. त्यांना भोंग्याच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे मी मशेरीविषयी जे बोलणार आहे त्याचे मूळही असेच कष्टात आहे.

आता मेंदूकडे वळू. प्रौढ मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. हल्लीच्या क्रमिक पुस्तकांत त्यांना चेतापेशी म्हणतात. त्यांपैकी फार मोठा भाग मूल जन्मण्यापूर्वीच तयार झालेला असतो. नऊ महिन्यांची सरासरी काढली, तर गर्भाच्या मेंदूत दर मिनिटाला अडीच लाखांच्या आसपास पेशी जन्माला येतात, असा ढोबळ हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. अर्थात् हे काम सरळ रेषेत चालत नाही. मेंदूच्या बाह्य थरातील, म्हणजे ज्या थराच्या जोरावर आपण बोलतो, मोजतो, आठवतो त्या थरातील, बहुतेक पेशी दुसऱ्या महिन्यापासून साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत निर्माण होतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर हा वाफसा होय. पेरणी त्या दिवसांत व्हावी लागते. वाफसा निघून गेल्यावर कितीही पाणी दिले तरी ती वेळ परत येत नाही.

पेशी जन्मते मेंदूच्या आतल्या पोकळीलगत, आणि तिला राहावयाचे असते बाहेरच्या थरात. म्हणून ती प्रवास करते. आतून बाहेरपर्यंत ताणलेल्या काही लांबट पेशी दोराप्रमाणे असतात. त्यांना धरून नवी पेशी वर सरकत जाते. प्रथम जन्मलेल्या पेशी खालच्या थरात थांबतात, आणि मागून आलेल्या पेशी त्यांना ओलांडून त्यांच्या वर जाऊन बसतात. गवंडी एकेक थर चढवतो, तशी ही बांधणी आहे. जागेवर बसल्यावर प्रत्येक पेशीला फांद्या फुटतात, आणि त्या फांद्यांनी ती शेजारच्या व दूरच्या पेशींशी संबंध जोडते. हे जोडकाम मात्र जन्माबरोबर संपत नाही. ते बालपणभर चालू असते, आणि संयम, नियोजन, अवधान यांना जबाबदार असलेला कपाळामागचा भाग तर विशीपर्यंत घडत राहतो. आपला विद्यार्थी सहाव्या वर्षी आपल्या हाती येतो, तेव्हा बांधकाम अद्याप पुष्कळ शिल्लक असते. माझे पुढचे सारे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे.

या बांधकामावर कोकेनचा आघात कोणत्या वाटेने होतो? आईच्या रक्तातील कोकेन वारेतून गर्भात सहज उतरते. ते गर्भाशयाच्या व वारेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे बालकाला प्राणवायू व पोषण कमी पडते. ही झाली पहिली वाट. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन अशी काही द्रव्ये मेंदूत निरोप्याचे काम करतात. निरोप पोहोचला की, पेशी ते द्रव्य परत आत ओढून घेते. कोकेन ही परत ओढण्याची क्रिया अडवते, म्हणून निरोप्या दारातच घोटाळत राहतो व दार ठोठावतच राहतो. मोठ्या माणसाला यातून कैफ चढतो. परंतु गर्भाच्या मेंदूत हीच द्रव्ये आणखी एक काम करीत असतात: पेशीने कधी विभागावे, कधी थांबावे, फांद्या कोठवर वाढवाव्यात, याच्या सूचना तीच देतात. तेथे निरोप बिघडला की, बांधणीच बिघडते.

प्रयोगांत हे दिसून आले आहे. गर्भारपणी कोकेन दिलेल्या सशांच्या पिलांत डोपामिनचा निरोप ग्रहण करणारी यंत्रणा क्षीण झालेली आढळली, आणि मेंदूच्या काही भागांतील पेशींच्या फांद्या वाजवीपेक्षा लांब व नागमोडी वाढलेल्या दिसल्या. माकडांवरील प्रयोगांत गर्भाच्या मधल्या काळात कोकेन दिले असता बाह्य थरातील पेशींची संख्या घटली, आणि थरांची नीट रचना विस्कटली. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी पांढऱ्या उंदरांवर आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी मूळ पेशींवर काम करून आणखी एक दुवा उजेडात आणला. कोकेनचे पेशीच्या आत विघटन होताना जी दाहक द्रव्ये निर्माण होतात, त्यांच्या ताणाने सायक्लिन-ए नावाचे प्रथिन कमी होते, आणि हे प्रथिन कमी झाले की पेशीविभाजन मंदावते. म्हणजे पेरणीच्या ऐन दिवसांत तिफणच अडखळते.

इथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल की, अशा आईचे मूल जन्मतःच निकामी. अमेरिकेत नेमके असेच वाटले, आणि त्यातून जे घडले ते शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे.

१९८५ साली डॉ. आयरा चॅस्नॉफ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपणी कोकेन घेतलेल्या अवघ्या २३ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ती प्रारंभिक होती, आणि लेखकांनी तसे म्हटलेही होते. परंतु त्या वेळी अमेरिकेच्या शहरांत ‘क्रॅक’ नावाचे स्वस्त, धुरातून ओढण्याचे कोकेन पसरले होते, आणि वर्तमानपत्रांना भीतीदायक मथळे हवे होते. बघता बघता ‘क्रॅक-बेबी’ हा शब्द रूढ झाला. ही मुले कधी शिकणार नाहीत, कोणावर माया करणार नाहीत, शाळा व तुरुंग त्यांनी भरून जातील, एक सबंध पिढी वाया गेली आहे, असे छापून येऊ लागले. ही मुले बहुतांशी गरीब वस्त्यांतली, आणि चर्चेत पुढे आणली गेली ती मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबे. काही ठिकाणी प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांची नकळत तपासणी करून त्यांना पोलिसांच्या हवाली करण्यात आले. १९८९ पासून चार्ल्सटन शहरातील एका रुग्णालयात चाललेला असा प्रकार २००१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविला.

फिलाडेल्फियातील डॉ. हॅलम हर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र मथळ्यांवर न विसंबता मोजमाप करावयाचे ठरविले. १९८९ ते १९९२ या काळात जन्मलेली २२४ मुले त्यांनी निवडली. त्यांपैकी निम्म्या मुलांच्या आयांनी गरोदरपणी कोकेन घेतले होते, निम्म्यांच्या घेतले नव्हते. पण सारी एकाच गरीब थरातील होती. ही तुलना महत्त्वाची आहे. व्यसनी आईच्या गरीब मुलाची तुलना सुखवस्तू घरातील मुलाशी केली, तर फरक कोकेनचा की दारिद्र्याचा, हे कसे कळावे? चौथ्या वर्षी बुद्धिमापन केले, तेव्हा कोकेनग्रस्त गटाची सरासरी ७९ आली. दुसऱ्या गटाची किती यावी? ८२ च्याही किंचित् आत. सर्वसाधारण सरासरी १०० धरतात. म्हणजे दोन्ही गट जवळजवळ सारखेच, आणि दोन्ही मागे! वीस वर्षांहून अधिक काळ ही पाहणी चालली, आणि निष्कर्ष असा निघाला की, या मुलांना मागे ओढणारी मोठी शक्ती दारिद्र्य ही होती. सातव्या वर्षापर्यंत त्यांतील ८१ टक्के मुलांनी कोणाला तरी अटक होताना पाहिले होते. ७४ टक्के मुलांनी बंदुकीचे आवाज ऐकले होते. ज्या घरांत प्रेमाने वागवणारे, बोलणारे, वाचून दाखवणारे माणूस होते, तेथील मुले दोन्ही गटांत पुढे होती. २००१ साली तोवरच्या अनेक पाहण्यांचा एकत्रित विचार झाला, तेव्हाही तज्ज्ञांनी हेच सांगितले की, तंबाखू, दारू आणि मुलाची परिस्थिती यांचा परिणाम वेगळा काढल्यावर कोकेनच्या माथी मारलेले बरेचसे दोष त्याच्या एकट्याचे ठरत नाहीत.

म्हणून कोकेन निरुपद्रवी आहे काय? मुळीच नाही. जन्मताना वजन कमी भरणे, अवेळी प्रसूती, वार आधीच सुटणे हे धोके खरे आहेत; आणि पुढेही दीर्घकाळ लक्ष टिकवणे, उतावीळपणा आवरणे यांत काही मुलांना थोडीशी अडचण जाते असे नंतरच्या पाहण्यांत दिसले आहे. प्राण्यांत पाहिलेला पेशींचा बिघाड खोटा नव्हता. खोटा होता तो त्यावरून काढलेला भविष्याचा होरा. पेशींच्या फांद्यांपासून मुलाच्या पाटीपर्यंत फार लांबचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर अन्न, निद्रा, माया, भाषा व शाळा अशी पुष्कळ ठाणी लागतात.

आता आपल्या घराकडे येऊ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि स्त्रियांत हे प्रमाण १७ टक्के होते. विडी-सिगारेट ओढणारी बाई आपल्या खेड्यांत क्वचितच दिसेल. बाईची तंबाखू म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजावयाची, कुटून पूड करावयाची, आणि बोटाने दाताहिरड्यांना लावावयाची. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ‘दात घासते’ एवढेच म्हणतात. पहाटे एकदा, जेवणानंतर एकदा, रानात दुपारी एकदा, असे दात दिवसातून चार-पाच वेळा घासले जातात! गरोदरपणी तर मळमळ थांबावी, पोट साफ व्हावे म्हणून ती वाढतेच. सासूच पोरीला सांगते, ‘लाव थोडी, बरं वाटंल.’

हिरडीवाटे निकोटिन रक्तात जाते आणि वारेतून गर्भात पोहोचते. गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईइतके, किंबहुना कधी कधी थोडे अधिकच भरते. तेथे ते काय करते? मेंदूतील ॲसेटिलकोलिन नावाचे निरोपी द्रव्य पेशींना ‘आता विभागणे पुरे, आता कामाला लागा’ अशी सूचना योग्य वेळी देत असते. निकोटिन त्याच्याच कुलुपात बसणारी खोटी किल्ली आहे. शाळेत कोणी खोडकर पोराने तिसऱ्या तासालाच सुटीची घंटा वाजवावी आणि मुलांनी दप्तरे आवरून बाहेर पडावे, तसे पेशींचे होते. त्या अवेळी विभागणे थांबवतात. काही तर मरून जातात. प्रयोगशाळेतील प्राण्यांत हे स्पष्ट दिसले आहे, आणि अनेक शास्त्रज्ञांच्या मते गर्भाच्या मेंदूला निकोटिनचा उपद्रव कोकेनहून कमी लेखण्याजोगा नाही. दारूबद्दल तर दुमतच नाही. गरोदरपणी घेतलेली दारू मुलाच्या मेंदूला सर्वांत जास्त इजा करणाऱ्या द्रव्यांत मोडते, मग ती हातभट्टीची असो वा बाटलीतली.

आपल्याच राज्यातील पुरावा पाहा. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली व ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे १७ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू वापरीत होत्या, आणि त्यांत मशेरीच मुख्य होती. त्यांची बालके इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. तीन किलोच्या बालकाला ते सोसवेल. परंतु ज्या आईच्या अंगात रक्त कमी, जी सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेते, तिचे मूल आधीच अडीच किलोच्या काठावर असते. तेथे हे १०५ ग्रॅम काठाखाली लोटतात.

आणि अशा आया आपल्या जिल्ह्यात थोड्या नाहीत. दसरा-दिवाळी उलटली की, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून बाईला दिवस गेले तरी तिला मागे राहता येत नाही. पहाटे तीन-चारला उठणारी, बैलगाडीमागे धावणारी, पाचटात बसून भाकर खाणारी ही बाई भूक मारण्यासाठी व अंगदुखी विसरण्यासाठी मशेरीचे बोट फिरवते. तिला दोष देणारा मनुष्य कधी उसाच्या फडात एक दिवस उभा राहिलेला नसतो. ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या पाळण्याच्या दोऱ्या ओढणारे हात कोणाचे आहेत, हेही पाहिले पाहिजे.

यास्तव माझी पहिली विनंती अशी की, हे व्याख्यान ऐकून गेल्यावर वर्गातील एखाद्या मंद वाटणाऱ्या मुलाकडे पाहून ‘याच्या आईने मशेरी लावली असणार’ असा निवाडा कोणी देऊ नये. कोणत्याही एका मुलाविषयी तसे सांगता येत नाही. शास्त्राला येत नाही, तर आपल्याला कोठून येणार? सरासरीचे विधान गटाला लागू पडते, एकेका मुलाला नव्हे. आपले गाव बियाण्यांच्या धंद्याने नावारूपाला आले. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी छापतात, आणि ते योग्यच आहे, कारण शंभर दाणे ओल्या कागदात घालून ती मोजलेली असते. मुलाच्या कपाळावर अशी चिठ्ठी लावण्याचा अधिकार प्रगतिपत्रकालाही नाही. हे मूल काही करू शकणार नाही असे शिक्षकाने मनात धरले की, तो त्याला प्रश्न विचारणे कमी करतो, त्याच्या वहीकडे कमी पाहतो, आणि वर्षअखेर त्याचे भाकीत खरे होते. अमेरिकेतील ‘क्रॅक-बेबी’ या शब्दाने निम्मे नुकसान असेच केले. २००४ साली तेथील तीस डॉक्टर व शास्त्रज्ञांना वर्तमानपत्रांना जाहीर पत्र लिहून हा शब्द टाका, अशी विनंती करावी लागली.

मग करावयाचे काय? जे मूल एका जागी बसत नाही, दोन सूचना एकदम दिल्या तर गोंधळते, त्याला एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती लहान वाक्यात द्यावी. काम छोट्या तुकड्यांत वाटून द्यावे. त्याची जागा खिडकीपासून दूर व आपल्या जवळ असावी. मधून मधून त्याला उठून फळा पुसावयास, खडू आणावयास पाठवावे. दररोजचा क्रम शक्यतो बदलू नये. यासाठी मूल गर्भात असताना काय घडले, हे जाणण्याची गरजच नाही; दारिद्र्याने, अपुऱ्या झोपेने वा उपाशी पोटाने विचलित झालेल्या मुलालाही हेच उपाय लागू पडतात. ऐकणे, दिसणे वा बोलणे यांत दोष वाटला, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्यांना ते मूल आवर्जून दाखवावे, आणि नाव पुढे पाठविले की नाही याचा पाठपुरावा स्वतः करावा. तो कागद फाईलमध्ये राहिला, तर वर्ष फुकट जाते.

दुसरी विनंती मातापालक संघाविषयी. बैठकीला येणाऱ्या बायांत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची गरोदर बाई असतेच. तेथे भाषण करू नये. अंगणवाडीताई व आशाताई यांना बोलवावे, आणि मशेरीचा विषय सासूपासून सुरू करावा, कारण डबी तिच्या कनवटीला असते. कऱ्हाड येथे मशेरी लावणाऱ्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यात समजावून सांगण्याचा उपयोग होतो असे आढळले आहे. धमकावण्याचा होतो असे कोठेच आढळलेले नाही. एकदम सुटत नसेल, तर दिवसातल्या पाच वेळांच्या दोन कराव्यात, मळमळीला आल्याचा तुकडा किंवा लिंबू चाटावे, दातदुखी असेल तर दवाखाना गाठावा, हे सांगणे तिला पटते. ‘तुझ्यामुळे मूल बिघडले’ हे वाक्य मात्र कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. ते ऐकलेली बाई पुढच्या बैठकीला येत नाही, आणि दवाखान्यातही खरे सांगत नाही.

येथे पुरुष शिक्षकबंधूंना एक गोष्ट हळूच सांगतो. शाळेच्या आवारात तंबाखूची बंदी २००३ च्या कायद्याने आहे, आणि शंभर यार्डांच्या आत ती विकताही येत नाही. मधल्या सुटीत तळहातावर चुना चोळून, वर थाप मारून जो बार भरला जातो, तो मुले पाहत असतात. त्या तळहाताने संध्याकाळी मातापालकांना मशेरीविरुद्ध सांगावयास उभे राहणे जरा कठीणच जाईल.

शेवटी, टोळ्यांबरोबर जाणारी मुले. त्यांना गावी ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि तिची यादी दसऱ्यापूर्वी तयार व्हावी लागते. टोळी निघून गेल्यावर केलेली यादी निरुपयोगी होय. प्रत्येक शाळेने भाद्रपदातच मुकादमांकडून जाणाऱ्या कुटुंबांची नावे घ्यावीत. त्यांत गरोदर असलेल्या बाईचे नाव आशाताईंना कळवावे, म्हणजे लोहाच्या गोळ्या व तपासणीचे कार्ड तिच्या गाठोड्यात बांधून जाईल. आणि जी मुले तरीही जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात, त्यांना हजेरीपटावरून कमी न करता पहिल्या दिवसापासून त्यांच्या जुन्या जागेवर बसवावे, व राहिलेला भाग रोज अर्धा तास वेगळा घ्यावा.